आकाराम सरांच्या आठ आकृत्या

पलूस तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर मागच्या खोलीतून पाढे म्हटल्यासारखा आवाज येतो. "हनुवटी एक, छाती दोन, बेंबी तीन, गुडघा साडेपाच." नव्या माणसाला तो विज्ञानाचा तास वाटतो. तो चित्रकलेचा असतो. चित्रात माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरतात, आणि कोणता अवयव कितव्या डोक्यावर येतो हे इथली मुलं तोंडपाठ म्हणतात. म्हणता म्हणता पेन्सिल चालवतात. म्हणणं संपतं तेव्हा कागदावर माणूस उभा असतो.

अशी आठ माणसं आहेत. टोपलीवाली, छत्रीवाला, काठी टेकलेला म्हातारा, मूल कडेवर घेतलेली बाई, सायकल धरून उभा असलेला तरुण आणि आणखी तीन. ती चित्रकला शिक्षक आकाराम सरांनी तयार केली आहेत. बाजाराचा विषय आला की टोपलीवाली पुढे, छत्रीवाला मागे. बसस्थानकाचा आला की छत्रीवाला पुढे, आणि टोपलीवालीच्या डोक्यावरची टोपली काढून हातात पिशवी. जत्रा, लग्न, वृक्षारोपण, लसीकरण, विषय कोणताही येवो, माणसं तीच.

यामागे शासनाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा आहे. तिच्यात स्मरणचित्राचा एक पेपर असतो. समोर काही न ठेवता, दिलेल्या विषयावर माणसांचं चित्र काढायचं. परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात. त्या सात गुणांसाठी आजूबाजूच्या गावांतले पालक या शाळेत मुलं घालतात. निकालानंतर फाटकावर फ्लेक्स लागतो. त्यावर मुलांचे चेहरे आणि खाली उजव्या कोपऱ्यात सरांचा.

सर आता निवृत्तीला आले आहेत. घर ऊसवाल्यांचं. थोरला भाऊ सैन्यात, मधला शेतात. आकाराम तिसरा, त्यामुळे तो चित्रं काढत बसला तरी कुणाचं काही अडत नव्हतं. सांगलीत कलाशिक्षकाची पदविका घेतली. उन्हाळ्यात गावोगावच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. मागच्या फळीवर गरुड, कमळ, मालकाच्या मुलांची नावं. पुढं रेडियमचे स्टिकर आले आणि ते काम गेलं. तोवर सर नोकरीत कायम झाले होते, म्हणून त्यांना त्याचं काही वाटलं नाही. हे ते स्वतःच सांगतात.

सुरुवातीची काही वर्षं ते मुलांना बाहेर नेत. बाजारात, नदीच्या घाटावर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसवत आणि दिसेल ते काढा म्हणत. मुलं खूश होती, निकाल वाईट होता. एका मुलाचे वडील, निवृत्त हवालदार, शाळेत येऊन म्हणाले, "सर, पोराला बाजार दावायला आमी हाय की. तुमी पास करायचं बघा." त्या दिवाळीच्या सुट्टीत सरांनी आठ आकृत्या बसवल्या. पुढच्या वर्षी निकाल फिरला. तेव्हापासून मुलं खोलीतच बसतात.

राणी आठवीत या शाळेत आली. ती जतकडची, मेंढपाळ घरातली. वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन वाटेवर असतात. म्हणून तिला इकडे आत्याकडे ठेवलं होतं. घरात ठरलं होतं ते असं. दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकला नंबर लागला तर पुढं शिकायचं, नाही लागला तर परत यायचं. परत येणं म्हणजे काय, हे घरात कुणी उघड बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. राणी गणितात मध्यम. सात गुणांचं महत्त्व तिला नववीतच कळलं होतं.

अडचण अशी की तिला आकृत्या जमत नव्हत्या. पाठ होत्या, म्हणायला लावल्या तर ती वर्गात सगळ्यांच्या पुढे म्हणत असे. हात मात्र दुसरीकडे जाई. बाजाराच्या चित्रात तिनं एकदा कांद्याच्या पोत्यात वाकलेली बाई काढली. बाईची पाठ, वर खोचलेलं लुगडं आणि चपलेबाहेर आलेल्या टाचा. बाकी बाजार बाईच्या पाठीमागं राहिला होता.

"चेहरा कुठाय हिचा?" सरांनी विचारलं.

"वाकलीय, सर."

"ते दिसतंय मला. परीक्षकाला चेहरा दिसाय पायजे."

"वाकल्यावर कसा दिसंल, सर?"

वर्ग हसला. सरही थोडे हसले, आणि जाड पेन्सिलीनं त्या पाठीवरूनच टोपलीवाली उभी केली. हनुवटी एक, छाती दोन. राणीनं कागद घेतला आणि जागेवर गेली. असं दोन वर्षं चाललं. ती काढी, सर वरून दुरुस्त करत. त्यांच्या मते ही मेहनत होती. दुसऱ्या कुठल्या मुलीसाठी त्यांनी एवढ्या पेन्सिली झिजवल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी ती दहावीत आली. जुलैमध्ये सराव परीक्षा झाली, त्या परीक्षेची चित्रं घरून काढून आणायची होती. विषय बसस्थानकाचा. राणीनं आणलेला कागद बघून सर खुर्चीतून उठले. छत्रीवाला पुढे, मूल घेतलेली बाई डावीकडे, मागे एसटीचा कोपरा, पायरीवर कुत्रं. प्रमाण चोख. "आता आली गाडी रुळावर," ते म्हणाले. वर्गाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. चित्र फळ्याशेजारी लावलं आणि फोटो काढून जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. राणी टाळ्या संपेपर्यंत खाली बघत होती. सरांना ती लाजली असं वाटलं.

संध्याकाळी लालासाहेबांचा फोन आला. ते शिराळ्याच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिकवतात. दोघं पदविकेला एका बाकावर होते.

"आक्या, तुझी पोरगी आन माझं एक पोरगं जुळं हाय काय रं?"

"काय झालं?"

"फोटू धाडतो, बघ. छत्री तीच, एसटी तीच. गड्या, कुत्र्याचा कान पण तसाच मोडलाय."

फोटो आला. कान तसाच मोडलेला होता. दोन शाळांमध्ये पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे आणि दोन मुलांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. लालासाहेबांनी आपल्या त्या विद्यार्थ्याकडून काढून घेतलेली माहिती अशी. एक ॲप आहे. त्यात विषय टाकला की परीक्षेला चालेल असं स्मरणचित्र तयार होऊन येतं. ते छापून घ्यायचं, खिडकीच्या काचेवर ठेवायचं आणि वर कागद धरून गिरवायचं.

दुसऱ्या दिवशी सरांनी राणीला मागच्या खोलीत बोलावलं. तिनं काही नाकारलं नाही. आत्याच्या मोबाइलवर ॲप घेतलं, चौकातल्या दुकानातून प्रिंट काढली, काचेवर गिरवलं.

"का केलंस असं?"

"तुमाला आवडंल म्हणून."

"मला फसवलंस तू."

"फसवलं न्हाई, सर. तुमी जे वरून काढता तेच हाय की त्यात. मी काढलेलं तुमी सारखं खोडता. म्हणलं आपण आधीच नीट आणावं, म्हंजे तुमाला तरास नको."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असं सर सांगतात. टोमणा असता तर बरं झालं असतं, असंही सांगतात. त्या वेळी मात्र त्यांचा पारा चढला. "तुझा परीक्षेचा फॉर्मच काढून घेतो मी," ते म्हणाले. राणी पहिल्यांदा घाबरली. "सर, घरी परत जावं लागंल मला," एवढंच म्हणाली आणि दारात उभी राहिली. सर मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाले.

मुख्याध्यापक नानासो संगणकावर हजेरी भरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फॉर्म ऑनलाइन गेलाय, सर. काढायचा तर कारण लिहावं लागंल. काय लिहू?"

"मशीनची नक्कल केली म्हणून लिवा."

"परीक्षेत केली का? सरावात केली. आन नक्कल कशाची, तर तुमच्या आकृतीची." नानासोंनी चष्मा काढला. "पोरीनं तुमची आकृती बरोबर काढली म्हणून परीक्षेला बसू देत न्हाई, असं लिहू? वर वाचणारा मला येडा म्हणंल, सर."

सर रागानंच बाहेर पडले. 'तुमच्या आकृतीची' हे शब्द मात्र त्यांच्या डोक्यात राहिले. त्यांनी घरी जाऊन ते ॲप मोबाइलवर घेतलं. तळाशी बनवणाऱ्याचं नाव होतं. विश्वजीत. पत्ता सांगलीचा.

विश्वजीत त्यांचाच विद्यार्थी, फ्लेक्सवर झळकलेल्या पहिल्या काही मुलांपैकी. पुढं त्यानं उपयोजित कलेची पदवी घेतली आणि सांगलीत शिकवणी सुरू केली. सर त्याच्या वर्गात शिरले तेव्हा भिंतीवरचा मोठा पडदा चालू होता आणि मुलं घरी गेली होती. त्यानं वाकून नमस्कार केला, खालून चहा मागवला. सरांनी चहाला हात लावला नाही.

"ह्यात माझ्या आकृत्या कशा आल्या?"

"तुमीच दिल्या की, सर. दर वर्षी ग्रुपवर पोरांची चित्रं टाकता. ती सगळी मी गोळा केली. जुन्या पोरांकडनं आणखी घेतली. ती दावूनच मशीनला शिकवलं."

"मला इचारलं न्हाईस."

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असता." तो हसला. "काय पायजे सांगा. बाजार?" त्यानं पडद्यावर शब्द लिहिला.

थोड्या वेळात बाजार आला. टोपलीवाली पुढे उभी होती. टोपलीला धरलेल्या तिच्या डाव्या हाताचा अंगठा उलट्या बाजूला होता. ही चूक सरांची. आकृत्या बसवल्यानंतर काही वर्षांनी ती त्यांच्या लक्षात आली होती. पण तोवर त्याच अंगठ्यावर कितीतरी 'अ' श्रेणी निघाल्या होत्या, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्यांनी विश्वजीतला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चित्र काढायला लावलं. साडी बदलली, टोपलीत वांग्यांऐवजी टोमॅटो आले. अंगठा तसाच राहिला.

"ह्यानं पोरं शिकत न्हाईत, विश्वजीत. बघून गिरवत्यात नुसती."

"आमी काय करत व्हतो, सर? फळ्यावरचंच गिरवत व्हतो की." त्यानं स्वतःचा कप उचलला. "मशीनला आन आमाला तुमी एकच शिकवलंय. फरक यवढाच, हे दंगा करत न्हाई."

"मी हातानं काढायला लावत व्हतो."

"व्हय. म्हणून माझा हात लय चांगला हाय. पण मला एक सांगा. कॉलेजात पहिल्या दिवशी समोर माणूस बसवला आन म्हणले काढा. मी छत्रीवाला काढला. मास्तर म्हणले, छत्री कुठाय ह्याच्याकडं? सगळा वर्ग हसला. दोन वर्षं गेली माझी तेवढं विसरायला."

"मग हे कशाला काढलंस?"

"विसरलो तरी खपतंय तेच, सर."

सरांनी त्याला राणीच्या वाकलेल्या बाईबद्दल सांगितलं. असलं चित्र त्या यंत्रात घालता येईल का, असं विचारलं. विश्वजीतनं कप खाली ठेवला. "घालता येईल. पण हजारांत एक गेलं तर मशीन ते धरत न्हाई. जास्त वेळा जे दिसतं तेच धरतं." मग तो म्हणाला, "तुमी तरी कुठं धरलं?"

तोवर चहावर साय आली होती. सर तो न पिताच उठले.

तंत्रज्ञानाला दोष देणं सोपं होतं, आणि सांगलीला जाईपर्यंत सरांनी तेच केलं होतं. एसटीत परत येताना तो मार्ग बंद झाला. यंत्रानं नवं काहीच केलं नव्हतं. शाळेत होतं तेच जास्त वेगानं, न थकता केलं होतं. निवृत्तीच्या तोंडावर माणसाला असं काही कळलं तर त्याचं काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी जे केलं ते घाईनं केलं, आणि त्याचा भार नेमका जिच्यावर पडू नये तिच्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राणीला परत बोलावलं. फॉर्म तसाच आहे, हे आधी सांगितलं. मग म्हणाले, "परीक्षेत तुझं तू काढ. वाकलेली बाई काढायची तर वाकलेली काढ. माझं काय ऐकू नकोस."

राणीनं त्यांच्याकडे बघितलं. "मग 'अ' मिळंल?"

"चित्र चांगलं आलं तर मिळंल."

"तुमी तपासणार हाय का, सर?"

"न्हाई. पेपर बाहेर जात्यात."

"जे तपासणार त्यांला चेहरा दिसाय लागतो, असं तुमीच म्हणला व्हता."

"म्हणलो व्हतो."

"आता न्हाई लागत?"

खरं उत्तर सरांना माहीत होतं. परीक्षक एका दिवसात गठ्ठेच्या गठ्ठे बघतात, आणि पाठमोऱ्या बाईसमोर किती वेळ थांबतील हे कुणी सांगू शकत नाही. ते म्हणाले, "मला सांगता येत न्हाई."

"मग सर, मला आकृत्याच नीट शिकवा," राणी म्हणाली. "गिरवून न्हाई आणत. हातानं काढते. सात मार्क हायत."

पुढचे दोन महिने शाळा सुटल्यावर त्यांनी तिला शिकवलं. एकटीला बसवत नव्हते, आणखी चारपाच मुलं असत. राणी चुकली की ते पूर्वीसारखं वरून काढत नसत, ती स्वतः खोडून पुन्हा काढी. ऑगस्टच्या अखेरीस तिचा हात बसला. आता बाजार म्हटलं की टोपलीवालीच येत होती. सरांनी एकदा अंगठ्याची चूक तिला दाखवली आणि खरा अंगठा कसा येईल ते सांगितलं. तिनं विचारलं, "उलटा काढला तर मार्क जात्यात का?" आजवर गेले नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं. तिनं उलटाच ठेवला. पाठ झालेलं आता कशाला मोडायचं, म्हणाली.

परीक्षा सप्टेंबरात झाली. आपल्या मुलांच्या वर्गावर आपण पर्यवेक्षक नसतो, म्हणून सर दुसऱ्या खोलीत होते. निकाल डिसेंबरात लागला. राणीला 'अ' श्रेणी मिळाली. आत्या पेढे घेऊन शाळेत आली, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून रडली आणि सरांच्या पाया पडायला निघाली. त्यांनी तिला थांबवलं. फाटकावर फ्लेक्स लागला. नानासो म्हणाले, "बघा, उगीच फॉर्म काढायला निघाला व्हता." सरांना आनंद झाला होता, हे नमूद केलं पाहिजे. मुलीची वाट मोकळी झाली होती. त्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं, "आता परीक्षा झाली. तुझं असं काय काढतीस का न्हाई?"

"आता कशाला, सर?" तिनं खरोखर न समजून विचारलं. बोर्डाची परीक्षा जवळ आली होती.

जानेवारीत पुढच्या वर्षीच्या तुकडीची तयारी सुरू झाली. सरांनी फळ्यावर आकृत्या काढल्या नाहीत. आठवीच्या मुलांना घेऊन ते आठवडी बाजारात गेले. कित्येक वर्षांत ते गेले नव्हते. मुलांना एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसवलं. समोर एक म्हातारी हरभऱ्याच्या पेंड्या मांडून उकिडवी बसली होती, दोन्ही कोपर गुडघ्यांवर आणि पदर कपाळापर्यंत ओढलेला. "हिला बघा," सर म्हणाले. "घाई न्हाई. आधी नुसतं बघा. मग दिसंल तसं काढा."

मुलं थोडा वेळ म्हातारीकडे बघत राहिली. म्हातारीनंही त्यांच्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही काय घ्यायला बसल्यात गं?" एक मुलगी मात्र सगळ्यांच्या आधी काढायला लागली होती. मान खाली, हात भराभर चाललेला. ती अंकिता, राणीची आतेबहीण. सर तिच्यामागं जाऊन उभे राहिले.

कागदावर टोपलीवाली उभी होती. डोक्यावर टोपली, डावा हात टोपलीला, अंगठा उलट्या बाजूला. अंकितानं समोर एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"राणीताईनं. सगळ्या आठ येत्यात मला."

"मी म्हणलो समोर बघून काढा."

अंकितानं पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं खरं ते सांगितलं. "ताई म्हणली, सर काय पण सांगतील, तू हीच काढ. तिला त्याच्यावरच मार्क मिळाले."

सरांनी कागद हातात घेतला, बघितला आणि तिला परत दिला. काही खोडलं नाही. समोरची म्हातारी हरभऱ्यावर पाणी मारत होती. बाकीची मुलं अंकिताच्या कागदाकडे माना वळवून बघायला लागली होती, आणि त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "मलाबी शिकव की गं."